मॅग्नेशियम आणि आमची सिस्टर

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. दर वर्षी आठवीच्या वर्गात मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून पेटवते. डोळे दिपवणारा पांढरा लखलखाट होतो, पोरं "परत, बाई, परत" म्हणून गिल्ला करतात आणि मी फळ्यावर समीकरण लिहून मोकळी होते. ह्या धातूबद्दल मला सगळं कळतं, असा माझा समज होता. तो समज मोडला माझ्या पहिल्या बाळंतपणात, आणि मोडणारी होती आमच्या गावची नर्स. तिला गावात सगळे नुसतं सिस्टर म्हणतात.

आमचं घर फोंडाघाटच्या बाजारापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. नवरा मुंबईला नोकरीला, त्यामुळे घरात मी आणि सासूबाई अशा दोघीच. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच वारले होते. मला दिवस गेले आणि सासूबाईंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. मला पाण्याची कळशी उचलू देईनात, की उंबऱ्यावर बसू देईनात.

सहाव्या महिन्यात माझ्या पोटरीत गोळे यायला लागले. पहाटे पाय ताणला की पोटरी दगडासारखी घट्ट व्हायची आणि मी बोंब मारून उठायची. सासूबाई खोबरेल तेल कोमट करून चोळायच्या. मी मात्र मोबाइल उघडला आणि शोध लावला की, मला मॅग्नेशियम कमी पडतंय. मग काय विचारता! सकाळी चुलीपाशी बसून मी त्यांना धडाच दिला: नाचणीत मॅग्नेशियम, कुळथात मॅग्नेशियम, काजूत मॅग्नेशियम, भोपळ्याच्या बियांत मॅग्नेशियम.

"काजू उष्ण," त्या म्हणाल्या. "कुळीथ त्याहून उष्ण. पोटुशी बाईक देयत नाय, गो."

घरामागे काजूची चाळीस कलमं, माळ्यावर सुक्या बियांची पोती, आणि मला एक गर मिळेल तर शपथ. पण नाचणीवर त्यांचा राग नव्हता. त्या दिवसापासून रोज सकाळी नाचणीचं सत्त्व, नारळाचा रस आणि गूळ घालून वाडगाभर माझ्यापुढे यायला लागलं. मी ते संपवेपर्यंत त्या समोर बसून राहायच्या.

महिन्याच्या तपासणीला सिस्टर अंगणवाडीत यायची. पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, पायात प्लास्टिकची चप्पल, काखेत वही. तिच्यापुढेही मी माझं मॅग्नेशियम काढलं, आणि मुद्दाम शुद्ध मराठीत काढलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"खाण्यातसून जाता तां जांव दे," ती म्हणाली. "पण गोळी घेवची झाली तर आधी माका इचार. आणि पायाचो गोळो गेलो म्हणान माझी तपासणी चुकवायची नाय. माका तुझां बीपी होयां, लघवी होयी आणि वजन होयां."

मला ते झोंबलं. मी बीएस्सी बीएड, आणि ही मला शिकवणार! त्याच आठवड्यात बाजारातल्या औषधाच्या दुकानातून मी मॅग्नेशियमच्या गोळ्यांची पाकिटं आणली आणि शाळेच्या पर्समध्ये दडवून ठेवली. ना सासूबाईंना सांगितलं, ना सिस्टरला. पंधरा दिवसांत गोळे यायचे थांबले. ते गोळीने थांबले, की नाचणीने, की आपसूक, हे आजही मला सांगता यायचं नाही. तेव्हा मात्र मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि मनातल्या मनात सिस्टरला नापास करून टाकलं.

सातव्या महिन्यात ओटी भरली. बाजारातून काकणवाली बोलावली, तिने दोन्ही हातांत मनगट भरून हिरव्या काचेची काकणं भरली. वाडीतल्या सवाष्णी जमल्या होत्या, हळदीकुंकू झालं, पेढे झाले. सासूबाई तेवढ्या आत चुलीपाशी थांबल्या. मी हाक मारली, तर म्हणाल्या, "तुमचां चलांदे. माझा हयसर काय काम?" विधवेने असल्या कार्यात हात लावायचा नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. मला राग आला होता, पण चार बायकांसमोर वाद घालण्याचं धाडस झालं नाही.

मग चतुर्थी आली. कोकणात चतुर्थी आली म्हणजे तपासणी, शाळा, दुखणी सगळी एका बाजूला. आमचा गणपती सात दिवसांचा. नवरा आला, चुलत घरं उघडली, रोज भजनी मंडळी यायची आणि त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्यांची उसळ मोठ्या टोपात रटरटायची. सासूबाईंनी मला पाटावर बसवून ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण मी कुठली ऐकते! ह्या गडबडीत एक तपासणी गेली. सिस्टरने निरोप पाठवून दुसरी तारीख दिली, तीही मी घालवली. पायांत गोळे येत नव्हते, मग तपासायचं काय?

पाय सुजले होते. चप्पल चढेना म्हणून मी नवऱ्याची घालून फिरत होते. सगळ्यांनी ठरवलं की उभं राहून सुजलेत, आणि मीही तेच ठरवलं. हातातली काकणं आता इकडची तिकडे होत नव्हती. शेजारची काकी माझं मनगट हातात घेऊन सगळ्यांना दाखवत सुटली.

"काकणां कशी तट्ट बसली बघा! अंगाक लागला हो हिच्या."

सासूबाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. सहा महिने त्यांनी रांधून घातलेलं अंगाला लागलं होतं. मला वाटलं, हे माझ्या मॅग्नेशियमचं यश. घरात दोन शहाण्या बायका, आणि दोघींनी मिळून एका धोक्याला बाळसं म्हटलं.

विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी नवरा मुंबईला परत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं ठणकायला लागलं. वह्या तपासायला घेतल्या तर अक्षरांवर पांढरे लखलखाट दिसायला लागले, अगदी वर्गात फीत पेटवल्यासारखे. जागरणाने झालं असेल म्हणून मी आडवी झाले.

अकराच्या सुमाराला सिस्टर दारात उभी. छत्री मिटवत, चिखलाचे पाय पायरीला घासत म्हणाली, "माझ्या वहीत तुझ्या नावाफुडे दोन घरां रिकामी आसत. ती भरूक इलंय."

ती माझ्या तोंडाकडे न बघता आधी हातांकडे बघू लागली. मनगट धरलं आणि आपली करंगळी काकणाखाली घालून बघितली. करंगळी जाईना.

"कधीपासून घट्ट झाली?"

"चतुर्थीपासून," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "अंगाक लागला, सिस्टर."

पिशवीतून यंत्र काढून सिस्टरने माझ्या दंडाला पट्टा बांधला. एकदा बघितलं. पट्टा सोडला, मला डाव्या कुशीवर निजवून थोडा वेळ थांबली आणि परत बघितलं. मग ओटीवर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. ती फोनवर शुद्ध मराठीत बोलत होती. एरवी आमच्याशी एवढी वर्षं मालवणीत बोलणारी बाई असं तोलून मापून बोलायला लागली, तशी मी कुशीवरून उठून बसले.

रिक्षाने आम्ही तिच्या उपकेंद्रात गेलो. लघवी तपासायच्या पट्टीचा रंग बघता बघता गडद हिरवा झाला, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. डॉक्टर दुसऱ्या केंद्रात एका बाईच्या बाळंतपणात अडकले होते, पण फोनवर होते. त्यांनी सांगितलं ते सिस्टरने आम्हाला सरळ सांगितलं. बीपी फार वाढलंय. कधीही आकडीचा झटका येऊ शकतो, आणि झटका आला तर आई आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका. दिवस पुरे भरलेले नाहीत, मूल लहान असेल, त्याला काचेच्या पेटीची सोय हवी, म्हणून घाट चढून कोल्हापूरला न्यायचं. आणि निघायच्या आधी एक इंजेक्शन इथेच द्यायचं.

"कसलां?" मी विचारलं.

"मॅग्नेशियम."

मी खालमानेने पर्समधलं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. म्हटलं, मी घेतेच आहे, दोन महिने झाले. सासूबाईंनी वाकून ते पाकीट बघितलं.

सिस्टरला रागवायला पुरेसं कारण होतं, पण तिने राग काढण्यात वेळ घालवला नाही. शेवटची गोळी कधी घेतली, लघवी नीट होते का, हे विचारून तिने डॉक्टरांना परत फोन लावला, पाकिटावरचं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी द्या म्हटल्यावर मग माझ्याकडे वळली.

"तुझी गोळी पायाच्या गोळ्याक. ह्यां मेंदूक, झटको येव नये म्हणान. नाव एक, पण काम येगळां. समाजलां?"

मला समजलं.

तिने कपाटातून एक डबा काढला. त्यात काचेच्या बारक्या कुप्या होत्या. एकूण दहा कुप्यांचं औषध माझ्या अंगात जाणार होतं, पाच एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात. एकेक कुपी उजेडाकडे धरून, तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचून ती सिरिंजमध्ये औषध ओढू लागली. ओढता ओढता सासूबाईंना म्हणाली, "तवसर तिची काकणां काढा. झटको इलो तर काच मनगटात घुसतली. आणि थंय सलाइन लावची लागतली."

सासूबाईंनी साबण लावला, तेल लावलं. एकही काकण हलेना. माझी बोटं निळसर पडत चालली होती.

"फोडूची लागतली," सिस्टर म्हणाली.

ओटीच्या वेळी भरलेली हिरवी काकणं बाळंत होईपर्यंत फोडायची नसतात. फोडली असं तोंडाने म्हणतसुद्धा नाहीत, वाढवली म्हणतात. आणि त्या खोलीत होत्या कोण, तर सासूबाई, ज्यांनी ती भरताना हातसुद्धा लावला नव्हता.

"माझ्या हातान नको," त्या पुटपुटल्या. "सिस्टर, तुमी करा. मी... माझा हात बरो नाय."

सिस्टरने मान वर केली नाही. "माझो हात रिकामो नाय. एक थेंब चुकलो तर चलाचां नाय. तुमका ही होयी ना? मगे फोडा."

सासूबाईंनी आपला पदर सोडला, माझं मनगट त्यात गुंडाळलं आणि कात्रीच्या मुठीने पदरावरूनच एक काकण दाबलं. कट्ट असा आवाज झाला. सासरे गेले तेव्हा ह्यांच्या हातातली काकणं दुसऱ्या बायकांनी फोडली होती, हे मला काकीने कधीतरी सांगितलं होतं. तेच आत्ता त्यांच्या मनात असणार. पण त्यांचा हात थांबला नाही. प्रत्येक काकणाला त्या हळूच "वाढला" म्हणत होत्या आणि काचेचा एक कण मला लागू देत नव्हत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

इंजेक्शनाबद्दल काय लिहू? पहिली सुई गेली आणि कुल्ल्यात निखारा ठेवल्यासारखं झालं. कानापासून पायाच्या बोटांपर्यंत अंगभर गरम लाट गेली, तोंड कोरडं पडलं. मी सिस्टरला काय काय बोलले ते विद्यार्थ्यांसमोर सांगण्यासारखं नाही. "बोल, बोल," ती म्हणाली, "बोलतंस म्हणजे शुद्धीवर आसंस," आणि दुसरी सुई टोचली.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ती आमच्याबरोबर चढली. ॲप्रनच्या एका खिशात घड्याळ, दुसऱ्यात कॅल्शियमची कुपी. मॅग्नेशियम अंगात जास्त झालं तर श्वास मंद होतो, मग त्यावर उतारा म्हणून ते कॅल्शियम. आणि जास्त झालंय की नाही हे ओळखायची तिची रीत साधी होती. माझा पाय सासूबाईंच्या हातावर लोंबता ठेवायचा आणि गुडघ्याखाली तळहाताच्या कडेने टक्कन मारायचं. पाय उडाला की ठीक.

"गुडघो उडता तवसर माका भियां नाय," ती म्हणाली.

घाटात धुकं होतं. एका वळणावर बंद पडलेला ट्रक आडवा उभा होता आणि ड्रायव्हरला गाडी इंचाइंचाने काढावी लागली. सासूबाईंनी डोळे मिटले. सिस्टरने मिटले नाहीत. टक्क, पाय उडाला. मग घड्याळ बघून माझे श्वास मोजले, कागदावर वेळ लिहिली. परत टक्क. मला झापड यायला लागली तशी तिने माझा गाल थोपटला.

"आठवीच्या पोरांक काय शिकवतंस गो त्या मॅग्नेशियमचां? सांग माका."

आणि मी, जड झालेल्या जिभेने, फोंड्याचा घाट चढत, तिला फीत कशी पेटते ते शिकवलं. तिने मध्ये दोन शंकासुद्धा विचारल्या. मी ज्या बाईला नापास केलं होतं ती माझा श्वास मोजत माझाच धडा मन लावून ऐकत होती. मला तिथे रडू फुटलं. "रडू नको, मोजताना चुकतंय," ती म्हणाली.

कोल्हापूरच्या हॉस्पिटलात तिने तो वेळा लिहिलेला कागद डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हे सगळं गावातच केलंत? फार छान केलंत." संध्याकाळी ऑपरेशन झालं, मुलगी झाली. एवढीशी होती, पण रडली. तिला पेटीत ठेवलं. मला पुढे एक दिवस सलाइनमधून मॅग्नेशियम चालूच होतं. शुद्धीवर आल्यावर मी सिस्टरला विचारलं, तर कळलं, ती तेव्हाच एसटीने परत गेली होती. दुसऱ्या दिवशी गावात लसीकरण होतं.

मुलीला पेटीतून बाहेर काढलं, घरी आणलं, ती अंग धरू लागली. एका लसीच्या दिवशी तिला घेऊन मी उपकेंद्रात गेले. लस टोचून झाली, बायका पांगल्या. सिस्टर टेबलावर तोच डबा उघडून बसली होती. नव्या कुप्या आल्या होत्या, त्यांच्यावरची तारीख चष्मा वर करून वाचत होती.

मी सहज विचारलं, "सिस्टर, वर्षाला किती बायकांना द्यावं लागतं हो हे?"

ती हसली. "माका नोकरी लागान बावीस वर्सां झाली. नवे कुपये येतत, मुदत संपता, परत धाडतंय, परत नवे येतत. दर म्हयन्याक डबो उघडतंय, कसां द्यायचां तां तोंडपाठ म्हणतंय आणि परत बंद करतंय. बावीस वर्सांत तुझेच तेवढे फोडूक लागले."

मला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही..."

"पयल्यांदाच," ती म्हणाली. "घराक येवन दोन रात्री माका झोप नाय इली."

मी मुलीला छातीशी घट्ट धरलं. तिने दहा नव्या कुप्या मोजून डब्यात ओळीने मांडल्या. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात तसे हात जोडले आणि म्हणाली, "बा देवा म्हाराजा, हे दहाय असेच मुदत संपान परत जांव देत."

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी साथ द्यायची असते. तिथे मी एकटीच होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.